घंटी

माझ्या टेबलावर सध्या चार पंथांचे वास्तव्य आहे. धर्मपंथ नव्हेत, मायक्रोकंट्रोलर नावाच्या बोटभर यंत्रासाठी लोकांनी लिहून जगाला फुकट देऊन टाकलेली ही सॉफ्टवेअरे. आर्डुइनो, फ्रीआरटॉस, झेफर, मायक्रोपायथन. चौघांच्याही घरात कोणीही शिरावे, भिंत पाडावी, नवी बांधावी. निवृत्त मास्तरला हा नाद कशाला, असे धारणीत विचारले जाते. कारण एक पेटी आहे.

जवळच्या एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टर एकदा म्हणाल्या, लसींच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे, आणि आपली वीज पावसाळ्यात पाहुणी. पारा चढला की घंटी वाजेल, मला निरोप येईल, असे काही करा. मी आर्डुइनो उनो घेतला. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून जन्मलेल्या आर्डुइनोच्या घराण्यातला बोर्ड. नाव तिथल्या एका मद्यगृहावरून. स्मृती २ किलोबाइट, म्हणजे या लेखाचा निम्मा भागही मावणार नाही. पण प्रोग्रॅम वरून खाली, धड्यासारखा वाचता येतो. ओळखीतल्या नववीतल्या कोरकू मुलाला तो दोन संध्याकाळींत कळला.

जुलैतल्या एका रात्री वीज गेली आणि मोबाइलची रेंजही गेली. सकाळी सिस्टर दारात. पोलिओच्या कुपीवरच्या वर्तुळातला पांढरा चौकोन काळवंडला होता. ती लस टाकून द्यावी लागली.

"घंटी काऊन वाजली नाही, गुरुजी?"

काऊन, ते मला दुपारी कळले. मी आधी निरोप पाठवा, उत्तराची वाट पाहा, मग घंटी वाजवा, असे लिहिले होते. रेंज नाही, म्हणून उत्तर नाही. बॅटरीवर जागी असलेली पेटी रात्रभर वाट पाहत बसली. दोष आर्डुइनोचा नव्हे, ओळींचा क्रम माझा. तरी एका वेळी एकच काम करण्याची सवय मला त्यानेच लावली होती, हेही खरे.

मग इतरांकडे वळलो. मायक्रोपायथन, डेमियन जॉर्जचे २०१३ सालचे काम, फार लाघवी: एक ओळ टंका, दिवा पेटतो. पोरगा हरखला. पण मधूनच ते स्मृतीची केरवारी काढायला थांबते. जिवाशी गाठ असलेल्या घंटीसाठी माझे मन धजेना. झेफर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छायेत आहे. बोर्डाचे वर्णन वेगळे, प्रोग्रॅम वेगळा. उद्या बोर्ड मिळेनासा झाला तर दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवता येते. मला तोच सर्वांत शहाणा वाटतो. मात्र त्याचा संसार कित्येक गिगाबाइटांचा. तो उतरवायला परतवाड्याला, भाच्याकडे जावे लागले, आणि घाट उतरून आल्यावर त्या फाइलींचे जंगल पाहून पोरगा मुकाट्याने बाहेर गेला. मी नसलो तर पेटी उघडणार तोच. मी झेफर मिटून ठेवला.

रिचर्ड बॅरी यांचे फ्रीआरटॉस २००३ चे. २०१७ पासून ते अॅमेझॉन सांभाळते. त्याचा स्वभाव बऱ्या मुकादमासारखा: कामे वेगळी, प्रत्येकाचा मान ठरलेला, वरच्या मानाचे काम आले की खालच्याने बाजूला व्हायचे. गंमत अशी की ईएसपी३२ या चिपवरचा आर्डुइनो मुळात याच मुकादमाच्या खांद्यावर उभा असतो. म्हणजे धड्यासारखे लिहायचे, पण घंटीचे काम तेवढे वेगळे काढून वरच्या मानावर बसवायचे. मुलाने हे स्वतःच्या हाताने लिहिले. मी फक्त एक कंस दुरुस्त केला.

नवी पेटी बसवली त्या रात्री आम्ही अँटेना काढली, फ्रीजची वीज बंद केली, आणि तापमानाची तार सिस्टरांच्या चहाच्या कपात बुडवली. निरोप अडकला. घंटी वाजली, आणि वाजतच राहिली. मी ऐकत उभा.

"आता बंद करा नं गुरुजी," सिस्टर म्हणाल्या, "वार्डातली लेकरं उठतीन."