साडेनऊ फुटांची रुंदी

कॉन्टेसा 32 मध्ये पहिल्यांदा उतरलेला माणूस पायऱ्यांखाली उभा राहून इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "एवढीच?" मीही विचारलं होतं. बोटीची लांबी 32 फूट, म्हणजे पावणेदहा मीटर. रुंदी मात्र जेमतेम साडेनऊ फूट. आजकाल याच लांबीच्या शिडाच्या बोटी सव्वातीन-साडेतीन मीटर रुंद असतात. त्यांत मागे ऐसपैस खोली, मध्ये सहा-आठ जणांचं टेबल आणि उभं राहून अंघोळ करता येईल असं न्हाणीघर मावतं. इथे मागच्या खोलीच्या जागी कॉकपिटच्या बाकाखाली सरपटत शिरायचा एक बंक आहे. उंच माणसाला मान किंचित वाकवूनच वावरावं लागतं.

बोट आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिमिंग्टनची, जन्मानेही आणि मुक्कामानेही. डेव्हिड सॅडलर यांनी तिचा आराखडा केला आणि जेरेमी रॉजर्स यांनी 1971 पासून याच गावातल्या कारखान्यात ती फायबरग्लासमध्ये बांधायला घेतली. पुढे अशा सातशेहून अधिक बोटी झाल्या. त्यांतली ही एक, एका निवृत्त शिक्षक दांपत्याची. साउथॅम्प्टनला नोकरीसाठी आलेल्या मला त्यांनी दोर ओढायला म्हणून सोबत घेतलं आणि त्या बदल्यात बोट कशी चालते ते शिकवलं.

शिकवणीचा खरा वर्ग भरला हर्स्ट कॅसलपाशी. आयल ऑफ वाइट आणि मुख्य भूमी यांच्यामधलं सोलेंटचं पाणी ओहोटीला इथल्या चिंचोळ्या वाटेने पश्चिमेकडे धावत सुटतं. समोरून नैर्ऋत्येचा वारा आला की पाणी आणि वारा एकमेकांना भिडतात. लाटा फार उंच नसतात, पण जवळजवळ आणि उभ्या असतात. तिथे पोहोचेपर्यंत बोट वीसेक अंश कलली होती. मी खालच्या बाजूची कड पाण्याला टेकताना बघत होतो आणि मालक निवांतपणे सुकाणूचा दांडा बोटांनी धरून बसले होते. अरुंद बोट सुरुवातीला पटकन कलते, घाबरवते. मग एका ठिकाणी जणू अडते आणि वारा वाढला तरी सहजी पुढे जात नाही.

कारण खाली आहे. सुमारे 4,300 किलोच्या एकूण वजनातलं जवळजवळ निम्मं, दोन टनांच्या आसपास, कीलमध्ये, म्हणजे तळाखाली उतरणाऱ्या पात्यात, भरलेलं शिसं आहे. तळाशी वजन असलेली बाहुली ढकलली तरी उभी राहते, तसंच हे. रुंद, सपाट बोटीचा स्थैर्याचा आधार तिच्या रुंदीत असतो. ती सुरुवातीला कमी कलते, म्हणून चहाचा कप जागेवर राहतो. पण ती पूर्ण उलटली तर तीच रुंदी तिला उलटंही स्थिर ठेवते. कॉन्टेसा 32 दीडशे अंशांपलीकडे कलली तरी परत सरळ होण्याकडेच तिचा ओढा असतो.

ही गोष्ट कागदावर राहिली नाही. ऑगस्ट 1979 मध्ये फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीत 303 बोटी उतरल्या होत्या. वाटेत गाठलेल्या वादळात पंधरा स्पर्धक दगावले. सर्वात लहान बोटींच्या वर्गात एकाच बोटीने शर्यत पूर्ण केली, ती होती 'असेंट' नावाची कॉन्टेसा 32. पुढे तिचे मालक विली कर तिलाच घेऊन ग्रीनलंडपासून अंटार्क्टिकापर्यंत फिरले.

लाटांतून बाहेर पडेपर्यंत मी नखशिखांत भिजलो होतो. हा तिचा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. काठ पाण्यापासून कमी उंचीवर असल्याने वारा कमी अडतो, पण लाट थेट अंगावर येते. कॉकपिट लहान आहे, त्यामुळे पाणी साठलंच तर कमी साठतं आणि तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. खाली शेगडी पायऱ्यांलगतच आहे, कारण बोटीचं हेलकावणं तिथे सर्वात कमी जाणवतं. ती आडव्या दांड्यावर झुलते. बोट कलली तरी पातेलं सपाट. स्वयंपाक करणाऱ्याला कमरेला पट्टा. आणि अरुंद केबिनचा फायदा मला तिथेच कळला. तोल गेला की हात लगेच कशाला तरी लागतो. रुंद केबिनमध्ये माणूस पार पलीकडे जाऊन आदळतो.

मालकांच्या या रुंदीपुराणाला मी एकदा मुंबईकराच्या अभिमानाने छेद दिला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिल्यांदाच. ती ज्या 'सुहैली'तून केली, ती मुंबईत सागवानात बांधलेली, लांबीला अशीच बत्तीस फुटी आणि रुंदीला चांगली अकरा फूट! त्यांनी मान्य केलं, पण लगेच पुस्ती जोडली: तिचं वजन हिच्या दुपटीहून अधिक, कील लांबच्या लांब आणि वेग बेताचा. म्हणजे नुसत्या रुंदीवरून बोट जोखता येत नाही. रुंदीखाली काय आणि किती लटकलंय, ते बघायचं. हिचाही वेग काही फार नाही. पाण्याला टेकलेली लांबी 24 फूट, म्हणून साधारण साडेसहा नॉट्सला गाडी अडते.

हर्स्टच्या त्या सफरीच्या संध्याकाळी पूल नावाच्या गावच्या बंदरात शेजारच्या नव्या, रुंद बोटीवर आम्हाला जेवायला बोलावणं होतं. टेबलाभोवती आठ जण बसले, कोपर कोणाला लागलं नाही. मालकीणबाईंनी तिथलं न्हाणीघर दोनदा पाहून घेतलं आणि परतताना नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की हे वय गरम पाण्याचं आहे. तो वाद अजून मिटलेला नाही. दरम्यान, जुन्या बोटीसाठी नवं पुढचं शीड शिवायला टाकलंय, आणि त्याचे पैसे बाईंनीच भरलेत.