तेलाचा लाल दिवा

म्हैसूरहून नंजनगूडला जाताना कडकोळजवळ आमच्या एका स्नेह्यांच्या मोटारीत तेलाचा लाल दिवा लागला. नंजनगूड जवळच म्हणून ते थांबले नाहीत. तेथे तेल भरताच दिवा विझला. इंजिनाची खटखट मात्र थांबेना. असे का व्हावे? फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. नवे तेल पुढील झीज रोखते. झिजलेला धातू भरून काढीत नाही. खटखट ऐकू येत असेल तर गाडी न चालविता बेअरिंग तपासून घ्यावे; वेळीच बदलल्यास दांडा वाचण्याची आशा असते. दिवा लागताच मात्र इंजिन बंद करणे हेच उत्तम. आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन थांबवून काही मिनिटांनी, पट्टी पुसून तेलाची पातळी पाहावी. दिव्याची वाट पाहत बसू नये.