गोळी किती आत बसवायची?

आमच्या आबांच्या ठासणीच्या बंदुकीच्या गजावर कानशीनं ओढलेल्या दोन बारीक खुणा होत्या. नळी रिकामी असताना गज तळाला टेकवला की पहिली खूण नळीच्या तोंडाशी येई. दारू, चिंधी आणि छर्रे नीट ठासून झाले की दुसरी. दोन्हींत चार बोटांचं अंतर. गज दुसऱ्या खुणेच्या वरच अडला, तर माल तळाशी बसलेला नाही. तसाच बार काढला तर? आबा वऱ्हाडीत एका वाक्यात सांगायचे, "मंधात हवा राह्यली तं नळीच फाटते, बावा."

आमचं शेत मोताळा तालुक्यात. मका, कपाशी, रब्बीत हरभरा. मका दुधात आला की रानडुकरं येतात, हरभऱ्यात रोही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. आबांचा परवाना तसलाच. बंदूक बहुतेक वेळा आवाजापुरतीच वाजायची, कारण रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्यात येतात आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही. रात्रभर मचाणावर बसायचं, खसखस ऐकू आली की एक बार काढायचा, एवढंच.

आबा गेले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. काका म्हणाले करू, बाबा म्हणाले नको. तेवढ्यात माझा चुलतभाऊ मोबाईल घेऊन आला. त्याला ठासणीची बंदूक नकोच होती. त्यानं अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिथं लोक घरच्या गॅरेजमध्ये रायफलची काडतुसं स्वतः भरतात. "दादा, तू मायक्रोमीटर घेऊनच बसतो ना दिवसभर. हे सीटिंग डेप्थ म्हणजे काय, सांग बरं."

मी संभाजीनगरला एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे. इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही तिथं 'थाऊ' म्हणतो. एक थाऊ म्हणजे 25 मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. काडतूस भरणारे याच मापात बोलतात, म्हणून मला त्यांचं म्हणणं पटकन कळलं.

पितळी पुंगळीत दारू असते आणि पुंगळीच्या गळ्यात गोळी घट्ट बसवलेली असते. गोळी जास्त आत दाबली की दारूसाठीची जागा कमी होते. दारू तेवढीच, जागा कमी, म्हणून दाब वाढतो. मग बाहेर ठेवावी? तर तिचं पुढचं अंग नळीतल्या आट्यांना जाऊन टेकतं. गोळीला सुटताना थोडी मोकळी धाव मिळते, ती मिळत नाही, आणि दाब पुन्हा वाढतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी त्या नळीला मानवणारी जागा असते. ती पुस्तकात अंदाजानं सापडते, खरी सापडते कागदावर. आधी कमी दारूपासून सुरुवात करायची, मग काही थाऊंनी खोली बदलत प्रत्येक वेळी तीन-पाच गोळ्या झाडायच्या आणि छिद्रं कुठं जवळजवळ पडतात ते पाहायचं.

यातही मेख आहे. गोळीच्या टोकापासून मोजलं तर फसगत होते. एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंही थोडी कमीजास्त असतात. म्हणून गोळीच्या फुगवट्याचा जो घेर आट्यांना टेकणार, तिथून मोजतात. शिवाय काडतूस मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे. आणि गोळ्या झाडत गेलं की आट्यांचं तोंड झिजून पुढं सरकतं, म्हणजे आज मानवलेली खोली दोन वर्षांनी तीच राहील असं नाही.

भाऊ खूश झाला. "मंग आपण करू ना!"

इथं मला थांबवावं लागलं. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. हे काम आपल्या भागात होतं, पण कारखान्यात. मलकापूरहून भुसावळकडे जाताना लागणाऱ्या वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलची काडतुसं बनतात. पुण्यात खडकीचा दारूगोळा कारखाना तर 1869 पासूनचा. सैन्याच्या 7.62 गुणिले 51 काडतुसाची एकूण लांबी सुमारे 71 मिलिमीटर. तिथं एका नळीचा लाड करून चालत नाही. तेच काडतूस हजारो रायफलींत बसलं पाहिजे, चिखलात आणि बर्फात सुटलं पाहिजे. तिथली खोली सगळ्यांना चालेल अशी ठरवलेली असते.

"मग नेमबाज काय करतात?" त्यानं विचारलं. स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते त्यानं पाहिलं होतं. त्या प्रकारात पॉइंट टू टूची काडतुसं असतात. त्यांचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असल्यामुळे ती पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या बॅचेस आपल्या रायफलमधून तपासून घेतात आणि जी मानवते ती जपून वापरतात. खोली बदलता येत नाही, निवडता मात्र येते.

त्या रात्री बाबा, काका आणि आम्ही दोघं परवान्यावर बोलायला बसलो. मी एकच प्रश्न विचारला, "गजाची खूण कोण पाहणार?" आबा अंधारात बोटानं ती खूण चाचपून मगच बार काढायचे. ती सवय अर्जासोबत वारसाहक्कानं येत नाही. बाबा पंप बघतात, काकांना चाळिशीचा चष्मा लागलाय, भाऊ पुण्याला जायच्या तयारीत. वर्षातून चार रात्री वापरायची वस्तू, आणि चारही रात्री डोळ्यांवर झोप. काका बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "मंग मक्याचं काय करतं?"

त्याचं उत्तर सौरऊर्जेवरचं झटका मशीन. थेट लाइनची वीज तारेत सोडायची नाही, त्यानं माणसं मरतात. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं फिरतं. अर्ज केला नाही, मशीन आणलं. आता वाद वेगळाच चाललाय. डुक्कर नाकानं जमीन उकरत येतं, त्याला खालची तार वीतभर उंचीवरच हवी. पण पावसाळ्यात गवत वाढून तिला टेकलं की झटका मातीत जातो. भाऊ म्हणतो थोडी वर घे, काका म्हणतात खालीच ठेव. मी दर खांबापाशी टेप लावून मोजतोय.