दिंडी मार्गाशेजारचा जुना रस्ता

परतूरहून मंठ्याकडे निघालं की सिमेंटचा रुंद रस्ता लागतो. लोक त्याला शेगाव-पंढरपूर दिंडी मार्ग म्हणतात. सरकारदरबारी तो राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी. मला मात्र त्याच्याआधीचा राज्यमार्ग पाहायचा होता.

तो एका वळणावर भेटला. नव्या आखणीत वळण सरळ झालं आणि जुन्या डांबराचा तुकडा बाजूला राहिला. मधोमध वेडी बाभूळ उगवलेली. डांबराच्या कडा खचल्यामुळे आतले थर दिसत होते: वर खडी, खाली मुरूम, त्याखाली काळी माती. कडुलिंबाखाली मैलाचा दगड कलला होता. डोकं हिरवं, म्हणजे राज्यमार्गाचं, आकडे पुसट. गुरं घेऊन निघालेल्या मामांना विचारलं, तर म्हणाले, “एसटी ह्याच रस्त्यानं जायची. आता आमच्या बैलगाड्यांचा झालाय.”

इथल्या वाटांना मोल आलं ते रेल्वेमुळे. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाइन सुरू झाली आणि गोदावरी-दुधनेच्या रानातला कापूस स्टेशनाकडे येऊ लागला. पुढे राज्यं बदलली. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर परभणीतून त्यात आलं. कलेक्टर कचेरीच्या कामासाठी परभणी गाठणारी माणसं जालन्याला जाऊ लागली. नंतर निम्न दुधना धरण भरलं आणि बुडितातल्या गावांच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या.

राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला की त्याचा जुना क्रमांक जातो, हे ठीकच. रुंद रस्ता हवाच होता; बाळंतिणीला, ऊस-कापसाच्या गाडीला त्याचं मोल विचारा. पण सुटलेल्या तुकड्यांवर अजून शेतं आहेत, वस्त्या आहेत, सावली देणारी झाडं आहेत. पावसाळ्यात तिथे चिखल झाला तर मुरूम टाकायचा कुणी? ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. तेव्हा गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, हे तुकडे ग्रामीण मार्ग म्हणून नोंदवायला लावा, आणि त्या नोंदीत कडेची झाडंही मोजून लिहा.