आजीच्या हातावरचा कृष्ण

आजीच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, बासरी वाजवणारा कृष्ण होता. तो कृष्ण आहे हे सांगावं लागे. मुकुट म्हणजे तीन ठिपके, बासरी म्हणजे एक आडवी रेघ, आणि पाय एकमेकांवर टाकलेले म्हणून ओळखायचं. मनगटावर विंचू, हाताच्या पंजावर तुळशीवृंदावन, हनुवटीवर एकच ठिपका. तिच्या म्हातारपणी ते सगळं हिरवट, पसरलेलं दिसायचं. मी लहानपणी त्या विंचवाच्या नांगीवरून बोट फिरवत झोपायची.

वर्ध्याकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात गोंदणारी यायची. काजळी, एकत्र बांधलेल्या सुया, वरून लावायला हळद, एवढंच तिचं सामान. मोबदला पायलीभर ज्वारी, नाहीतर जुनं लुगडं. आधी ती वरच्या आळीत जायची आणि तिकडचं आटोपल्यावर शेवटी महारवाड्यात. सुया त्याच. म्हणजे सुईला विटाळ नव्हता, पण रांग होती. आजीला तिच्या आईनं मांडीखाली दाबून धरलं होतं म्हणे, लग्नाच्या आधी. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं बायका सांगायच्या. आमच्याकडे काढून घ्यायला सोनं होतं कुठे, हा भाग निराळा.

1956 च्या दसऱ्याला, 14 ऑक्टोबरला, आजी-आजोबा पुलगावहून रेल्वेनं नागपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेले. पांढरं लुगडं मिळालं नाही म्हणून आजीनं शेजारणीचं मागून नेलं. लाखोंच्या त्या गर्दीत ती बाबासाहेबांपासून इतकी लांब होती की तिला दिसला तो फक्त मंडप, पण आवाज कर्ण्यातून आला. बावीस प्रतिज्ञा तिनं इतरांबरोबर म्हटल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही पहिली. राम आणि कृष्ण यांना मानणार नाही, ही दुसरी.

परत आल्यावर वस्तीतल्या घराघरांतून देव निघाले. पितळेचे टाक, तसबिरी, खंडोबा, मरीआईचे तांदळे, सगळं टोपल्यांतून वर्धा नदीला गेलं. आजोबांनी देव्हारा मोडून त्याची फळी भांडी ठेवायला केली. ती फळी मी वापरात असलेली पाहिली आहे. आणि त्या रिकाम्या झालेल्या घरात आजीच्या हातावर कृष्ण राहिला.

हा प्रश्न फक्त तिचा नव्हता. त्या पिढीतल्या बायकांच्या हातांवर, कपाळावर, कुठे ना कुठे जुना देव होताच. पण समाजातले नवे, उत्साही कार्यकर्ते कधीकधी टोचून बोलत. एका सभेआधी कुणीतरी तिला बाह्यांची चोळी घालून यायला सांगितलं. आजी म्हणाली, "देव नदीत सोडले. आता हात बी सोडू काय?" आणि ती तशीच, उघड्या हातानं, पहिल्या रांगेत बसली. त्याच हातानं तिनं पुढे कितीतरी वर्षं बुद्धवंदनेच्या वेळी मेणबत्ती लावली.

मला यात विसंगती दिसत नाही. तारुण्यात दिसली होती. तेव्हा सगळं एकसारखं, स्वच्छ असावं असं वाटायचं.

आमच्या लोकांच्या अंगावरच्या खुणांचा विचार बाबासाहेबांनी फार आधी केला होता. 1927 च्या डिसेंबरात, महाडला, त्यांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना सांगितलं की लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, गळ्यात आणि हातभर ज्या जड दागिन्यांची माळ लावता ती टाका. लांबूनच तुमची जात ओळखू येते ती त्यावरून. बायकांनी ऐकलं. आजीच्या सासूनं म्हणे गावात येऊनच गोठ उतरवले. दागिना उतरतो, लुगड्याचा काठ खाली सोडता येतो. गोंदण उतरत नाही.

आईनं काही गोंदवलं नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि आपल्या अंगावर वाचता येईल असं काहीही असू नये हा तिचा निग्रहच होता. कुंकू नाही, गळ्यात काही नाही. तिच्यापुरतं तिनं ते उत्तर काढलं होतं, आणि मीही पुढे तेच चालवलं.

माझी बँकेची नोकरी बदलीची. त्यातली काही वर्षं छत्तीसगडमध्ये, चांपा भागात गेली. तिथे पहिल्याच आठवड्यात काउंटरपाशी एक म्हातारा आला. कपाळ, गाल, पापण्या, नाक, कानाच्या पाळ्या. त्याच्या चेहऱ्यावर 'राम' हे दोन अक्षरी नाव शेकडो वेळा गोंदलेलं होतं. अंगावरच्या चादरीवरही तेच छापलेलं. मी त्याच्या पासबुकावर फोटो चिकटवत होते आणि बघू की न बघू अशा अवस्थेत होते. बँकेच्या जुन्या फॉर्मवर 'ओळखीची खूण' असा एक रकाना असायचा. लोक तीळ, भाजल्याचा डाग वगैरे लिहीत. त्याच्या अर्जात माझ्या आधीच्या कुणीतरी तो रकाना कोराच सोडला होता.

ते रामनामी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, 1890 च्या दशकात, चारपारा गावच्या परशुराम नावाच्या माणसानं हा पंथ सुरू केला असं मानतात. अस्पृश्य म्हणून देवळात घेत नाहीत ना, मग देवाचं नाव कातडीवरच घेतो, हा त्यामागचा युक्तिवाद. देवळाच्या दाराला कुलूप घालता येतं, अंगाला कसं घालणार? त्यांचा राम दशरथाचा मुलगा नव्हे, निर्गुण राम. मूर्ती नाही, पुजारी नाही. संपूर्ण अंगावर नाव गोंदवलेल्याला नखशिख म्हणतात. पौषात महानदीच्या काठी त्यांचा भजनमेळा भरतो, तिथे मोरपिसांचे मुकुट घातलेली माणसं घुंगरांच्या तालावर बसून नाव घेतात.

मी तो मेळा पाहिला आणि फार अस्वस्थ झाले. तेच नाव. आमच्या घरानं शपथ घेऊन सोडलेलं, यांनी पापण्यांवर टोचून घेतलेलं. अपमान दोघांचा एकच, आणि उत्तरं अशी पाठमोरी. मी बाजू आमचीच घेते. ज्या घरात शिरू देत नाहीत त्या घराची भिंत अंगावर रंगवावी असं मला वाटत नाही. पण त्या म्हाताऱ्यासमोर हे बोलायची माझी छाती नव्हती. त्याच्या वेदना मी सोसलेल्या नव्हत्या, नुसत्या सुयांच्या वेदनासुद्धा. आता तिथली तरुण मुलं चेहऱ्यावर गोंदवत नाहीत. शहरात काम मिळत नाही.

एरवी आपल्याकडे कपाळावर लिहिण्याचा अधिकार दुसऱ्यांनीच गाजवला. कंपनी सरकारच्या बंगालमध्ये 1797 पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवत. ते 1849 पर्यंत चाललं. कैदी पागोटं खाली ओढून घेत, केस कपाळावर वाढवत. इतिहास म्हणून सोडून द्यावं, तर 1993 साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदवलं. त्या सांसी जमातीच्या. सांसींना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं होतं, तो कायदा 1952 साली गेला, तरी पोलीस चौकीतल्या डोक्यातून गेला नव्हता. त्या पोलिसांना शिक्षा व्हायला 2016 उजाडावं लागलं. तेवीस वर्षं. त्या काळात त्या बायका भाजी आणायला कशा जात असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तर हे सगळं डोक्यात असताना बहिणीचा मुलगा म्हणाला, "मावशी, मी 'जय भीम' गोंदवून घेतोय."

माझं पहिलं बोलणं भीतीचं होतं. 2015 साली शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका मुलाचा जीव घेतला होता. मोबाइल निदान बंद करता येतो. पुण्यात खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतो, ते सांगितल्यावर भाडं अचानक वाढतं किंवा खोली आधीच गेलेली असते. निदान हात तरी बोलू नये असं मला वाटत होतं. भाचा म्हणाला, आडनाव सांगून खोली जाणार असेल तर दारातूनच जाऊ दे, माझा वेळ वाचेल. मी आणि आईनं इतकी वर्षं जे शहाणपण म्हणून सांभाळलं ते या पोराला वेळेचा अपव्यय वाटतो. मला राग आला आणि हेवाही वाटला.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. तो सैन्यभरतीची तयारी करतो. त्यांच्या नियमात हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, गोंदण चालतं, पंजाच्या मागच्या बाजूलाही चालतं. दंडावर, मानेवर नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे सवलत आहे. मानेवर घ्यायचा त्याचा बेत बारगळला. आजीचा कृष्ण, माझ्या मनात आलं, भरतीत पास झाला असता.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दीक्षाभूमीवर गेलो. पुस्तकांच्या दुकानांपुढे गोंदणाऱ्यांच्या मशीन घरघरत होत्या. नमुन्यांचे फलक लावलेले: अशोकचक्र, बाबासाहेबांचा चष्मा, त्यांची इंग्रजी सही, बोधिवृक्षाचं पान. बरोबर आई होती, आता काठी घेऊन चालते. तिनं यातल्या कशालाच हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. फलक ती शेवटपर्यंत वाचत गेली, वर्गात वह्या तपासायची तशी, आणि एका ठिकाणी काठी टेकवून थांबली.

"हे 'भिम' ऱ्हस्व लिहिलंय," ती म्हणाली.

मशीनवाला पोरगेलासा होता, ओशाळला. आईनं पर्समधून पेन काढलं, बुद्धवंदनेच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर फळ्यावरच्या अक्षरात 'जय भीम' लिहिलं, दुसरी वेलांटी पुन्हा एकदा गिरवली आणि पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दिव्याखाली धरून पाहिलं. अस्संच काढू का, म्हणून विचारलं. भाच्यानं हात पुढे केला. दीर्घ घेतला तरी पैसे तेवढेच पडतील, एवढं त्या पोरानं आईला आधीच सांगून टाकलं.