मामंजींचं पथ्य

आमच्या मामंजींचं इथे नांदेडला आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. घरी आले की पडले ते संध्याकाळपर्यंत. सासूबाईंचं पथ्य मात्र जुनंच : वरण बंद, नुसता मऊ भात! डॉक्टर म्हणाले, ते पथ्य डायलिसिसच्या आधीचं. आता प्रथिनांचा अंश मशीनमधून निघून जातो, म्हणून वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायलाच हवीत. रक्तवाढीची इंजेक्शनं आहेत, पण अंगात ताकद अन्नानंच येणार. अंड्याचा पांढरा भाग द्या.

अंडं, आमच्या घरात? सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. लातूरच्या वन्सं आल्या, बाबांचे हडकलेले दंड पाहून रडल्याच. तिसऱ्या दिवशी अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं सासूबाईंनीच मांडलं.

मैत्रिणींनो, भाज्या मी चिरून, उकळून पाणी फेकते. पोटॅशियम त्यात उतरतं. पाणी मात्र मोजून. मे महिन्यात तेच सगळ्यांत जड जातं.