पांढरं चॉकलेट : दूध नव्हे, आणि औषध तर नव्हेच

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळीच एका मावशींना त्यांच्या सूनबाई रिक्षातून दवाखान्यात घेऊन आल्या. मावशींना बऱ्याच वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन चालू. दरदरून घाम सुटलेला, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. शुगर तपासली : ५२. लगेच ग्लुकोजचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या.

"घरी काही गोड दिलं नाही का?" मी विचारलं.

"दिलं की डॉक्टर. पोराचं पांढरं चॉकलेट होतं. दुधाचं असतंय, म्हणून तेच दिलं. अर्धा तास वाट बघितली."

मावशी हळूच म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवं, थरथर सुटली की कायतरी गोड खावा?"

खरं होतं. 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. म्हणून हा लेख.

कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते. बी भाजून, दळून दाबली की ही फिकट पिवळी चरबी, म्हणजे कोको बटर, वेगळी होते आणि मागे तपकिरी चोथा उरतो. त्याचीच कोको पावडर करतात. चॉकलेटचा रंग, कडवटपणा आणि ज्यांचं कौतुक आपण वाचतो ती फ्लॅव्हेनॉल्स या तपकिरी भागात असतात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तो भाग नसतोच. त्यात असतं कोको बटर, साखर आणि दुधाची पावडर. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचा घन भाग असावा लागतो.

कोको आपल्याला तसा फार लांबचा नाही. आपल्याकडे उसाचे सहकारी कारखाने, तसा शेजारच्या कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे.

आता हिशेब पाहा. १०० ग्रॅम पांढऱ्या चॉकलेटमध्ये साधारण ५९ ग्रॅम साखर, ३२ ग्रॅम चरबी आणि ५४० कॅलरी असतात. २० ग्रॅमच्या छोट्या तुकड्यात जवळजवळ तीन चमचे साखर आली. मग मावशींची शुगर का वाढली नाही? कारण चरबीमुळे जठर हळू रिकामं होतं आणि साखर रक्तात उशिरा पोहोचते. तातडीच्या वेळी नेमकं हेच परवडत नाही.

मग पांढरं चॉकलेट खायचंच नाही का? खा, पण पेढा किंवा बर्फी समजून. मुलांना दुधाच्या ऐवजी देऊ नका. दुधाची ॲलर्जी असेल तर टाळा. घेताना वेष्टनावरची यादी वाचा. कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलं असेल, तर ते परत ठेवा. घरी वितळवायचं असेल तर थेट गॅसवर ठेवू नका, दूध-साखरेमुळे ते चटकन करपतं. गरम पाण्याच्या पातेल्यावर कोरडं भांडं ठेवून सावकाश हलवा. पाण्याचा थेंब पडला तरी गोळा होतो. स्ट्रॉबेरीसारख्या आंबट फळावर थोडंसं घातलं की वेगळी साखर लागत नाही.

आणि मधुमेहाच्या रुग्णांनी एवढं लिहून फ्रिजवर चिकटवावं : शुगर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल, तर तेवढंच पुन्हा घ्या. बरं वाटलं की भाकरी-भाजी खा. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

मावशी आता कमरेच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवतात. आणि मीही आता इन्सुलिन लिहून दिलं की 'काहीतरी गोड' म्हणत नाही, चमचे मोजून सांगतो.